वेरूळच्या राणीला भेटायला : जुहू, दाबोळी, बंगळूर

बुधवार, मुंबई

मामा १९६९ साली एअरफोर्समध्ये इंजिन फिटर म्हणून भरती झाले. ट्रेनिंग संपल्यावर पोस्टिंग मिळालं ते घरच्या पुण्यातच, लोहगावला, सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. मित्रांना जेट विमानं मिळाली. मामांच्या वाट्याला आलं एअर इंडियाने वापरून सोडलेलं प्रवासी विमान, लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. त्यांतलं एक आज गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. "बघायला जायचंय" हे वाक्य मामा कित्येक वर्षं बोलत होते. या जानेवारीत मी म्हटलं, चला. तर म्हणाले, "जायचं तर नीट जाऊ. आधी जुहू."

म्हणून डेक्कन क्वीनने दादर, लोकलने पार्ले आणि रिक्षाने जुहू. जुहूच्या विमानतळाची बाहेरून दिसते ती कंपाउंडची भिंत, आणि अधूनमधून डोक्यावरून जाणारं एखादं हेलिकॉप्टर. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवायचं काम इथूनच चालतं. रिक्षावाल्याला आम्ही नेमकं काय बघतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

१५ ऑक्टोबर १९३२ ला दुपारी इथल्या मातीच्या धावपट्टीवर एक पस मॉथ उतरलं. लाकूड, कापड आणि पोलादी नळ्यांचं, एका इंजिनाचं छोटंसं विमान. चालवत होते जेआरडी टाटा. सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ते निघाले होते. वाटेत अहमदाबादला थांबले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. विमानात माणसं नव्हती, टपालाच्या थैल्या होत्या. जुहूहून पुढे त्या थैल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. हा व्हिन्सेंट मूळचा ब्रिटिश रॉयल एअरफोर्सचा वैमानिक. टपालाच्या विमानसेवेची कल्पना त्याची, तिच्यामागे उभे राहिले टाटा. म्हणजे आपल्या नागरी विमानसेवेच्या मुळाशीच एक लष्करी वैमानिक आहे. पुढे महायुद्धात, १९४२ साली, तो ज्या लष्करी विमानातून येत होता ते पाडलं गेलं आणि त्यातच तो गेला.

जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. मग टाटांची ही सेवा आपलं चंबूगबाळं उचलून तेवढे महिने पुण्याला यायची. हे ऐकून मामांची कॉलर ताठ झाली. पुण्याचा कशाशीही संबंध निघाला की ती होतेच.

परतताना रिक्षात शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय निघाला, कसा नाही निघणार? १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, असं आपल्याकडे हिरिरीने सांगतात. समकालीन भक्कम पुरावा त्याला मिळालेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, त्यातली यंत्रं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये आकडेमोड करून दाखवलं. मला तर त्या चौपाटीपेक्षा जुहूचा चिखल जास्त मोलाचा वाटतो. बैलगाडीतल्या पेट्रोलवर उडालेलं विमान खरंखुरं होतं.

रात्री कोकणकन्या. मामा वरच्या बर्थवर, वय वर्षं चौऱ्याहत्तर. खाली झोपा म्हटलं तर ऐकलं नाही.

गुरुवार, गोवा

मडगावला उतरून हॉटेलवर पिशव्या टाकल्या आणि जेवायच्या आधीच बोगमाळ्याच्या रस्त्याला लागलो. संग्रहालय दाबोळी विमानतळाला लागूनच आहे, १९९८ साली सुरू झालेलं. फाटकातून आत शिरलं की मोकळ्या आवारात विमानं मांडलेली दिसतात, पण मामांनी डावी-उजवीकडे पाहिलंही नाही.

सुपर कॉन्स्टेलेशन लपून राहणारं विमान नव्हेच. शेपटीला एकाऐवजी तीन सुकाणू, बगळ्यासारखे लांब पाय, आणि नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही सरळ रेघ नाही. हिचा उंच पाय प्रॉपेलरमुळे. ते एवढे मोठे की जमिनीला घासू नयेत म्हणून विमानच उचलून धरावं लागलं. तीन सुकाणू का, तर एकच ठेवलं असतं तर ते इतकं उंच झालं असतं की त्या काळच्या हँगरमध्ये विमान मावलंच नसतं.

हिचं नागरी नाव 'रानी ऑफ एलोरा', आपल्या वेरूळची राणी. एअर इंडियाने १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन घेतली आणि त्यांना राण्यांची नावं दिली. त्याआधीची, याच घराण्यातली थोडी लहान विमानं 'प्रिन्सेस' होती. त्यांपैकी 'मलबार प्रिन्सेस'ने ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडन गाठलं. स्वतंत्र भारताची युरोपला जाणारी ती पहिली विमानसेवा. मग १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला. राण्या निवृत्त झाल्या, पण भंगारात गेल्या नाहीत. एअरफोर्सने त्यांतल्या बऱ्याचशा घेतल्या, पोटाखाली रडार बसवलं आणि अरबी समुद्रावर पहाऱ्याला लावलं.

यात नवल वाटण्यासारखं तसं काही नाही. समुद्रावर गस्त घालायची तर वेग नको, तासन् तास हवेत राहता आलं पाहिजे. माणसांना बसायला, चहा प्यायला, आळीपाळीने पाठ टेकायला जागा हवी. लंडनला जाणाऱ्या विमानात हे सगळं आधीच असतं.

मामा डाव्या बाजूच्या आतल्या इंजिनाखाली जाऊन उभे राहिले. मान वर करून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, गहिवरले असावेत. तर म्हणाले, "छत्तीस प्लग."

"काय?"

"एका इंजिनाला अठरा सिलिंडर. दोन ओळी, नऊ-नऊच्या. सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग. चार इंजिनं. कर हिशेब."

एकशे चव्वेचाळीस. विमान परत आलं आणि फ्लाइट इंजिनीअरने अमुक इंजिन 'रफ' चालतंय असं लिहून ठेवलं, की पोरांनी शिडी लावून हे बघायचे. राइट कंपनीच्या या इंजिनात आणखी एक करामत होती. बाहेर जाणारा धूर तीन छोट्या टर्बाइनमधून काढायचा, आणि त्या फिरल्या की ती ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला द्यायची. वाया जाणारा धूर कामाला लावून एकेक इंजिन सव्वातीन हजार अश्वशक्तीपर्यंत जायचं. कागदावर झकास. प्रत्यक्षात भट्टीसारखं तापायचं आणि दुखणी काढायचं. जगातलं सर्वांत चांगलं तीन इंजिनांचं विमान, असं हिला गमतीने म्हणत, कारण चौथं इंजिन पुष्कळदा बंदच असायचं.

"आणि ऑइल," मामा म्हणाले. "सकाळी आलं की खाली ट्रे भरलेले. ते दिसतं ते परवडलं. न दिसणारं वाईट. रात्रभर उभं राहिलं की ऑइल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. तसाच स्टार्टर मारलास तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा. दोघं-तिघं मिळून, पात्यामागून पातं. कुठे अडला की थांबायचं, खालचा प्लग काढायचा, ऑइल सोडायचं." सांगताना त्यांनी हात वर करून पातं ओढल्याचा अभिनय केला. शेजारी शाळेची सहल आली होती, त्यातली दोन पोरं मागे उभी राहून तंतोतंत तसंच करू लागली.

१९७१ च्या डिसेंबरात हीच विमानं समुद्रावर टेहळणी करत होती. मामा तेव्हा वीस वर्षांचे. काय बघितलंत, असं विचारलं तर म्हणतात, "मी काय बघणार? मी खाली. जाताना चार पंखे मोजायचे, येताना चार पंखे मोजायचे." युद्धानंतर समुद्रावरची ही राखण एअरफोर्सची की नेव्हीची, यावर दिल्लीत बरीच ओढाताण झाली. शेवटी १९७६ मध्ये काम नेव्हीकडे गेलं, त्याबरोबर विमानंही गेली. दाबोळीला ३१२ नंबरची नवी स्क्वाड्रन उभी राहिली. १९८०च्या दशकात या राण्या थकून बसल्या आणि १९८८ मध्ये रशियाचं टुपोलेव्ह १४२ आलं. एका विमानाने तीन मालक केले. आधी एअर इंडिया, मग एअरफोर्स, शेवटी नेव्ही.

जेवायला उशीर झाला. बांगडा संपला होता, मोरीचं मटण मिळालं.

शुक्रवार, पुन्हा तिथेच आणि मग विमानतळ

काल बाकीचं आवार बघायचं राहिलं होतं. आज मामा जरा माणसांत होते.

शॉर्ट सीलँड हे नौदलाचं पहिलं विमान, १९५३ साली आलेलं. पाण्यावर उतरू शकणारी गुबगुबीत बोटच ती. तिच्यापासून सी हॅरियरपर्यंतचा प्रवास इथे चार पावलांत होतो. सी हॉक मला सगळ्यांत देखणं वाटलं. इंजिन एकच, पण धूर मागच्या टोकातून निघत नाही. पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन तोंडं काढली आहेत, त्यामुळे शेपटीकडचा भाग इंधनासाठी रिकामा मिळतो. शेजारी फ्रेंच अलिझे. हिच्या पोटातून रडारचा घुमट खाली सरकतो आणि उतरताना परत आत जातो. १९७१ मध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलरमध्ये दोष होता, जहाज पूर्ण वेगाने पळत नव्हतं, तरी ४ डिसेंबरला याच दोन जातींच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पश्चिमेकडे पाकिस्तानी पाणबुडी शोधायला गेलेलं एक अलिझे १० डिसेंबरला परत आलं नाही.

सी हॅरियरभोवती पोरांची गर्दी. इंजिनाच्या चार तोट्या खाली वळवल्या की विमान जागच्या जागी खाली उतरतं, हे त्यांच्या मास्तरांनी छान समजावून दिलं. १९८३ ते २०१६, ही सगळी वर्षं त्यांनी इथेच, पलीकडच्या धावपट्टीवर काढली.

पण मला दाबोळीची खरी गोष्ट या विमानांत नाही, या धावपट्टीत वाटते. ती पोर्तुगिजांनी बांधली. भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यावर त्यांना बाहेर पडायला वाट हवी होती. म्हणून १९५५ मध्ये त्यांनी इथली स्वतःची विमान कंपनी काढली. लिस्बनला जायचं तर कराचीकडून. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी आपली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं इथे आली. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. मागून आणखी आठ कॅनबेरा आली. टर्मिनलला मात्र हात लावायचा नाही, असा हुकूम होता. उद्या आपल्यालाच वापरायचं आहे. आवारात दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती, त्यांनाही सोडलं, धड सापडावीत म्हणून.

ती सापडली नाहीत. रात्री पोर्तुगिजांनी खड्डे कसेबसे बुजवले, अधिकाऱ्यांची बायकामुलं विमानांत बसवली आणि उरलेल्या तुकड्यावरून दोन्ही विमानं अंधारात उचलली. त्यांतलं एक होतं सुपर कॉन्स्टेलेशन.

हे मामांना माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी कुंपणापलीकडे बघितलं, मनात काही हिशेब केला. "किती धावपट्टी उरली होती?" ते मला सांगता येईना. "भरलेलं असणार. त्यात रात्रीची वेळ. पायलट तर चांगला असेलच रे, पण त्या दिवशी चारही इंजिनं चालली, हे जास्त अवघड." शत्रूच्या फिटरचं असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

बोलता बोलता 'कश्मीर प्रिन्सेस'वर आलो. तेही कॉन्स्टेलेशनच, एअर इंडियाचं. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून इंडोनेशियातल्या बांडुंग इथल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी चिनी प्रतिनिधींना घेऊन निघालेलं. चाकाच्या खोबणीत कुणीतरी टाइमबॉम्ब ठेवला होता. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय या विमानातून जाणार होते, ते आयत्या वेळी गेले नाहीत. कॅप्टन दा. का. जटार यांनी पेटलेलं विमान समुद्रापर्यंत आणलं. सोळा जण गेले. वाचले ते तिघंच, दीक्षित, पाठक आणि मेंटेनन्स इंजिनीअर अनंत कर्णिक. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. नागरी विमानाचे नागरी कर्मचारी, आणि मरण युद्धातलं. या जटारांचं नाव आपल्या किती शाळांत सांगतात?

संध्याकाळी दाबोळीवरूनच बंगळूरचं विमान होतं. २०२३ मध्ये मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून इथली गर्दी थोडी ओसरली आहे. धावपट्टी नौदलाची, आपण पाहुणे. त्यामुळे फोटो काढू नका, ही सूचना आलीच. पुणेकरांना तिची सवय आहे. लोहगावला सुखोई उडून जाईपर्यंत आपलं विमान थांबून राहतं, आणि उशिराबद्दल कुरकुरणारी माणसं खिडकीला नाक लावून तीच सुखोई बघत असतात.

शनिवार, बंगळूर

एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कारखान्याचं, हेरिटेज सेंटर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर, विमानपुऱ्यात आहे. २००८ पर्यंत शहराची सगळी प्रवासी वाहतूक एचएएलच्याच धावपट्टीवरून व्हायची. म्हणजे एका बाजूला लढाऊ विमानाची चाचणी, दुसऱ्या बाजूला हुबळी-मंगळूरचे प्रवासी.

हा कारखाना काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन. अमेरिकेहून विल्यम पॉली हा विमानांचा व्यापारी यंत्रं आणि माणसं घेऊन आला. १९४१ च्या ऑगस्टात पहिलं हार्लो विमान जुळवून उडालं. नंतर युद्ध जवळ आलं तसा सरकारने कारखाना ताब्यात घेतला, अमेरिकन सैन्याने तो विमानदुरुस्तीला वापरला, आणि वालचंदांच्या हातून तो गेला.

आवारात कॅनबेरा आहे. दाबोळीवर बॉम्ब टाकणारी जात हीच. पण मी जास्त वेळ घालवला तो एचटी-२ पाशी. दोन सीटचं, शिकाऊ वैमानिकांचं साधं विमान, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेलं. भारतात आराखडा होऊन कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेलं हे पहिलं विमान. आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगेनला खुद्द लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आला होता. फ्लाइंग क्लबांचं 'पुष्पक' आणि एअरफोर्सचं 'किरण' जेट यांमागेही घाटगेच. मराठी वाचकाला तळपदे माहीत असतात आणि घाटगे नसतात, याची मला बुधवारपासून चीड येत होती ती इथे आणखी वाढली.

मरुत हे लढाऊ विमान बघायला मात्र मामाही थांबले, जेट असूनही. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने १९५६ पासून बंगळूरला राहून हे विमान उभं केलं. आधी लाकडाचं, बिनइंजिनाचं विमान करून ते डकोटा विमानाच्या मागे बांधून हवेत ओढलं, मग १७ जून १९६१ ला खरं उडालं. चालवत होते सुरंजन दास. १९७० मध्ये मरुतच्याच अपघातात ते गेले. विमानाचा आकार ध्वनीच्या पुढे जाण्यासाठी काढलेला. पण ज्या इंजिनावर भिस्त होती ते ब्रिटिशांकडून मिळालं नाही, आणि साधं ऑर्फियस बसवावं लागलं. तरीही १४७ मरुत बांधली गेली. १९७१ मध्ये राजस्थानच्या सीमेवर ती लढली आणि हवाई लढाईत एकही पडलं नाही.

टँकची आधीची कामगिरी मी मामांना मुद्दाम सांगितली. फोके-वुल्फ कॉन्डोर हे लुफ्तहान्साचं प्रवासी विमान त्याचंच. ऑगस्ट १९३८ मध्ये ते बर्लिनहून न थांबता न्यूयॉर्कला पंचवीस तासांत पोचलं. वर्षभराने युद्ध पेटलं. मग त्याच कॉन्डोरला बॉम्ब लावून जर्मनीने अटलांटिकवर जहाजं हुडकायला पाठवलं.

"म्हणजे आमच्यासारखंच," मामा म्हणाले.

"फक्त तुमचं विमान म्हातारपणी गेलं."

"म्हातारं कोण? कामावर होतं ते."

बाहेर पडताना मामांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. ते सहा नंबरला आले तेव्हा तिथले सीनियर सार्जंट सारखे लिबरेटरच्या आठवणी काढायचे. अमेरिकन बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमानं युद्धानंतर कानपूरला टाकून दिली होती, आणि कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मुद्दाम मोडली होती. एचएएलच्या लोकांनी ती डागडुजी करून जेमतेम उडण्यालायक केली. कारखान्याचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला आणली. इथे त्यांची नीट दुरुस्ती झाली, आणि चाळीसच्या वर लिबरेटर एअरफोर्सला मिळाली. सहा नंबरने ती १९६८ च्या अखेरपर्यंत वापरली.

"इथेच दुरुस्त झाली असणार ती. या शेडमध्ये नाहीतर त्या," असं म्हणत मामांनी काठीने रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे दाखवलं. मग लगेच, "एक दिल्लीला आहे ना, पालमला?"

आहे. मामांनी तिथेच फुटपाथवर उभं राहून मला फोन काढायला लावला, पालमचं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते बघायला.